माझ्या घरी सानिका

परंड्याच्या स्टँडवर कुर्डुवाडीची गाडी लागली, तेव्हा आई माझ्या पिशवीची गाठ तिसऱ्यांदा सोडत होती. शेंगाच्या चटणीचा डबा वर आहे की खाली गेलाय, एवढंच तिला बघायचं होतं. दादा, म्हणजे माझे वडील, मोटरसायकलच्या टाकीवर माझी मोठी बॅग ठेवून सोनारीहून आले होते. रविवार होता. देवळापाशी आमचं नारळ-गुलालाचं दुकान आहे आणि रविवार म्हणजे आमचा धंद्याचा दिवस, तरी दादांनी दुकान बंद ठेवलं होतं. माझ्याशी ते काही बोलले नाहीत. गाडीत चढून बॅग वरच्या फळीवर ठेवली आणि शेजारच्या अनोळखी बाईला म्हणाले, "पोरगी पुण्याला शिकायला चाललीय. जरा ध्यान असू द्या." ती बाई वाटेतच उतरून गेली, पण दादांचं समाधान झालं होतं.

आई खिडकीखाली उभी राहून म्हणाली, "तितं शेळ्यांची आठवन काढत बसू नगं. त्यातनं सुटावीस म्हनून तर शिकवलंय." आणि गाडी हलायच्या आधीच ती वळून सोनारीच्या जीपकडं चालायला लागली. शेळ्या सोडायची वेळ होऊन गेली होती. मी पाठमोऱ्या तिच्याकडं बघत राहिले आणि मला शेळ्यांचा भयंकर राग आला. एकवीस वर्षांची घोडी झालेली मी, आणि शेळ्यांवर जळत होते.

हे आधीच सांगून टाकते, कारण पुढं सगळं याचंच आहे. मी जळकी आहे. सोनारीत जे राहिलेत त्यांना हे लहानपणापासून ठाऊक आहे. चुलत बहिणीला नवा फ्रॉक आला की मला ताप यायचा. माझ्यासारखे जे गाव सोडून पुण्यात, मुंबईत आणि आणखी कुठं कुठं गेलेत त्यांनाही हे कळावं म्हणून लिहितेय. गाव सोडल्यावर माणूस गावासाठी रडतो असं आपण सगळे सांगत असतो. माझं तसं झालं नाही. मी गाव सोडलं आणि माझ्या गावात जो कुणी जाईल त्याच्यावर जळायला लागले.

पुण्यात विद्यापीठात अर्थशास्त्राच्या एम.ए.ला प्रवेश मिळाला. होस्टेल, मेस, असाइनमेंट, डेडलाइन हे शब्द आठवड्याभरात तोंडात बसले. सोनारीत मी वर्गात पहिली यायचे. इथं वर्गातली अर्धी पोरं कुठं ना कुठं पहिली आलेलीच होती. खर्चाला हातभार म्हणून मी संध्याकाळी दोन घरी शिकवण्या घ्यायचे. सातवीतल्या पोरांना गणित शिकवताना मनात यायचं, यासाठी काय आपण पुण्याला आलो?

आणि मग विभागाच्या फळ्यावर नोटीस लागली. आमच्या मॅडमना रिसर्च असिस्टंट हवा होता. घरी फोनवर हे समजावून सांगताना माझी दमछाक झाली. म्हणजे प्राध्यापकांचं स्वतःचं संशोधन असतं, त्यात एका विद्यार्थ्याला हाताशी घेतात, काम करता करता शिकवतात आणि दर महिन्याला मानधनही देतात. दादांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हंजी शिकनार तू, आन पैसं त्येच देनार?" मी म्हटलं, "व्हय." ते म्हणाले, "मग सोडू नगं."

सोडायचा प्रश्नच नव्हता. संशोधनाचा विषय वाचून मला हसूच आलं होतं. परंडा तालुक्यात कुठल्या बाईच्या मालकीच्या किती शेळ्या आहेत, हे घरोघरी जाऊन लिहून आणायचं होतं. त्यावरून एक संस्था ज्या बायकांकडं स्वतःची एकही शेळी नाही, त्यांना प्रत्येकी दोन शेळ्या देणार होती. नोटिशीत माझं नाव छापायचं तेवढं राहिलं होतं, असंच मला वाटलं. मी त्याच दिवशी शिकवणीच्या एका घरी सांगून आले की पुढच्या महिन्यापासून यायला जमणार नाही.

मुलाखतीत मॅडमनी अगदी साधा प्रश्न विचारला. "शेळीपालनाबद्दल तुला काय माहिती आहे?" आता तुम्हीच बघा. माझी आई नऊ शेळ्यांची मालकीण. मी सकाळी डोळे उघडायचे ते शेळ्यांच्या आवाजानं, शाळेत बसायचे ती लेंड्यांचा वास असलेल्या दप्तरासकट, आणि त्या वासावरून पोरी नाक मुरडायच्या. पण मॅडमच्या केबिनमध्ये एसी होता, समोर जाडजूड इंग्रजी पुस्तकं होती. माझी जीभ फिरली. मी पुस्तकातलं बोलले. ग्रामीण अर्थव्यवस्था, पूरक व्यवसाय, महिला सक्षमीकरण. आमच्या घरी शेळ्या आहेत हे मी बोललेच नाही. मॅडमनी मान हलवली, कागदावर काहीतरी लिहिलं आणि थँक्यू म्हणाल्या.

माझ्यानंतर सानिका आत गेली. सानिका माझ्याच वर्गातली, पुण्यातच वाढलेली, वडील डॉक्टर. तिनं मॅडमना सांगितलं म्हणे, "मला शेळीतलं काही कळत नाही, पण मी तिथे राहीन आणि शिकेन." दोन दिवसांनी यादी लागली. यादी कसली, एकच नाव होतं. मी सानिकाचा हात हातात घेऊन अभिनंदन केलं आणि होस्टेलवर येऊन चादर तोंडावर ओढून पडून राहिले. पोटात दुखणं म्हणजे काय, ते मला त्या दिवशी खरोखर पोटात कळलं.

एवढ्यावर थांबलं असतं तरी मी सावरले असते. पण मॅडमनी बोलावून विचारलं, "तू सोनारीची ना? सानिकाची तिथे राहायची सोय होईल का?" नाही म्हणायला काय झालं होतं मला? पण आपण किती मोठ्या मनाच्या, हे दाखवायची हौस. मी म्हटलं, "आमच्याच घरी राहू दे की, मॅडम."

जानेवारीत सानिका तीन आठवड्यांसाठी सोनारीला गेली. सोडलेली शिकवणी हातापाया पडून परत मिळवली होती, त्यामुळं मी पुण्यातच. रोज तिचे फोटो यायचे. सानिका आमच्या अंगणात. सानिका माझ्या वाकळेवर बसून फॉर्म भरतेय. सानिका दादांच्या मोटरसायकलवर परंड्याचा किल्ला बघायला निघालीय. दादांनी मला किल्ला दाखवला होता तो चौथीत, शाळेची सहल चुकली म्हणून मी दोन दिवस जेवले नव्हते तेव्हा. एका फोटोत सानिकाच्या हातात भाकरी होती, कडेनं फाटलेली, आणि शेजारी आई तोंडाला पदर लावून हसत होती. आई फोटोत हसत नाही. आमच्या घरातल्या एकाही फोटोत ती हसलेली नाही.

फोनवर आईचं तेच. "लई गुनाची पोरगी हाय गं. कशाला न्हाय म्हनत न्हाय. काल तर शेळीची धार काढली तिनं. पयलं थान हातात धरल्यावर कशी भ्याली व्हती!"

"तू तिला धार काढायला शिकवलीस?" मी विचारलं.

"मग! तिला शिकायचं हाय म्हनली."

मला आईनं शेळ्यांपाशी कधी बसू दिलं नव्हतं. मी जवळ गेले की "तू पुस्तक धर, हिकडं तुझं काय काम न्हाय" म्हणून हाकलायची. शेळी कधी वेणार हे तिच्या कासेकडं बघून कसं ओळखायचं, आजारी शेळीला काय चारायचं, हे सगळं आईच्या हातात होतं आणि तिनं ते माझ्यापासून मुद्दाम लांब ठेवलं. माझ्या भल्यासाठी. आणि आता ते ती एका परक्या पोरीला बसवून शिकवत होती, आणि ती पोरगी ते शिकायचे पैसे घेत होती. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी आईला म्हटलं, "बरं, ठेवते." आईला काही कळलंही नाही.

सानिका परत आली ती माझ्यासाठी चटणीचा डबा घेऊन. आईनं दिलेला डबा तिच्या हातून घ्यायचा, हेही नशिबी होतं. मग ती म्हणाली, "रुपाली, फॉर्म एकदा माझ्याबरोबर बघशील? तुला तिथलं सगळं माहीत आहे." आम्ही विभागाच्या वाचनालयात बसलो. एकेक पान बघत गेलो आणि आमच्या गल्लीच्या पानांवर मला ती चूक दिसली.

आमच्याकडं शेळ्या अर्धलीनं देतात. ज्यांनी हे ऐकलं नसेल त्यांच्यासाठी सांगते. शेळी माझी, पण सांभाळायला तुमच्याकडं. चारा-पाणी तुम्ही करायचं, आणि तिला होतील ती पिल्लं निम्मी तुमची, निम्मी माझी. शेळी मात्र माझीच राहते. आईच्या नऊ शेळ्यांतल्या सात आमच्या दावणीला आणि दोन शेजारच्या शकूकाकूकडं अर्धलीनं. शकूकाकूचं घर आमच्या भिंतीला भिंत लावून आहे. नवरा वारल्यापासून ती एकटीच. तिच्याकडं एकूण चार शेळ्या, दोन आईच्या आणि दोन वरच्या गल्लीतल्या एकीच्या. काकूची स्वतःची एकही नाही. वाट्याला येतात ती पिल्लं मोठी होण्याआधीच तिला विकावी लागतात.

सानिकानं आईला विचारलं होतं, तुमच्या शेळ्या किती? आई म्हणाली, नऊ. काकूला विचारलं, तुमच्याकडे शेळ्या किती? काकू म्हणाली, चार. दोघी खरंच बोलल्या होत्या. पण फॉर्मवर काकूचं नाव आलं 'चार शेळ्यांची मालकीण' म्हणून. आणि काकूसारख्या अशा आणखी किती जणी असतील!

सानिका पेन्सिल धरून म्हणाली, "तुझ्या आईच्या नऊ, शकूकाकूंच्या चार. बरोबर आहे ना हे?"

मी पानाकडं बघितलं. पुढं काय काय होईल ते सगळं मला त्या क्षणी दिसलं. मॅडम चिडतील, सानिकाचं काम रद्द होईल. मी म्हटलं, "बरोबर आहे."

त्यानंतरचे दोन महिने मी फार खुशीत काढले, हे लिहायला लाज वाटते पण खरं आहे. सानिका मॅडमच्या केबिनमधून बाहेर यायची, तिचं कौतुक चाललेलं असायचं, आणि मी मनात म्हणायचे, होऊ दे, होऊ दे. फक्त एकदा त्यात खंड पडला. घरी फोन केला होता तर आईकडून फोन काढून घेत शकूकाकू बोलली. "रुपाबाई, ती तुझी मैतरीन म्हनत व्हती, ज्येंच्याकडं सोताची न्हाय त्येंला दोन दोन शेळ्या मिळत्याल. माझं नाव लागंल न्हवं? आजवर दुसऱ्याच्याच सांभाळल्या गं."

मी म्हटलं, "लागेल काकू, तुम्ही फिकीर करू नका." आणि तरीही मी सानिकाला सांगितलं नाही. उद्या सांगू, परवा सांगू करत राहिले.

मार्चमध्ये विभागाच्या सभागृहात सानिकाचं प्रेझेंटेशन झालं. संस्थेची माणसं आली होती. सानिकानं पडद्यावर कोणत्या बायकांना शेळ्या मिळाव्यात त्यांची यादी दाखवली. तीत सोनारीची शकूकाकू नव्हती. टाळ्या पडल्या, संस्थेचे एक गृहस्थ म्हणाले, एवढ्या कमी दिवसांत इतकं नेमकं काम आम्ही बघितलं नाही. आणि मी उठून उभी राहिले.

काकूसाठी उठले, असं मी नंतर सगळ्यांना सांगितलं. टाळ्यांमुळं उठले, हे इथं पहिल्यांदा सांगतेय. मी मोठ्या आवाजात अर्धल म्हणजे काय ते सांगितलं, काकूच्या चारही शेळ्या कुणाच्या ते सांगितलं आणि म्हटलं, "ही यादी चुकीची आहे. ज्यांना शेळ्या मिळायला हव्यात, त्याच बायका यातून गळल्यात." सगळ्यांच्या माना माझ्याकडं वळल्या. किती छान वाटलं मला! सानिकाचं तोंड उतरलं होतं.

मॅडम म्हणाल्या, "रुपाली, हे तुझ्या आज लक्षात आलं?"

"हो," मी म्हणाले.

सानिका हळूच म्हणाली, "त्या पानावर आपण दोघी बसलो होतो. मी तुला विचारलं होतं." तिच्या आवाजात रागही नव्हता. तिला बिचारीला अजूनही वाटत होतं की मीही विसरले असेन. मी उभीच राहिले आणि खाली बसायचंही सुचेना. सभागृहातल्या सगळ्यांना कळलं, संस्थेच्या माणसांनाही कळलं. सगळ्यात शेवटी सानिकाला कळलं.

संध्याकाळी मॅडमनी केबिनमध्ये बोलावलं. मी सगळं कबूल केलं. म्हटलं, "मला हे काम हवं होतं."

"मग मुलाखतीत सांगितलं का नाहीस, घरी शेळ्या आहेत म्हणून?"

"लाज वाटली."

मॅडमनी टेबलावरचे फॉर्म एकत्र करून बाजूला ठेवले. मग म्हणाल्या, "सगळी घरं पुन्हा करावी लागतील. मे महिन्यात तुम्ही दोघींनी जायचं. नवा फॉर्म मी करते. तुलाही सानिकाइतकंच मानधन मिळेल. आणि रुपाली, यावेळी फॉर्मवर खोटं एक अक्षर असलं तर पुन्हा माझ्याकडे यायचं नाही." ज्या नोकरीसाठी मी एवढी जळले ती मला अशी मिळाली. दादांना मी फोनवर फक्त एवढंच सांगितलं की मिळाली. त्यांनी त्या दिवशी दुकानावर आलेल्या गिऱ्हाइकांना पेढे वाटले.

मे महिन्यात सानिका आणि मी कुर्डुवाडीला उतरून परंड्याच्या गाडीत बसलो. ती माझ्याशी कामापुरतं बोलत होती आणि ते बरोबरच होतं. घराच्या दारात आईनं आधी तिच्या तोंडावरून हात फिरवला, मग माझ्या. मी ते लक्षात ठेवलं. सवय कुठं जाते! दोन आठवडे आम्ही उन्हात फिरलो. नव्या फॉर्मवर प्रत्येक शेळीला वेगळी ओळ होती, मालक कोण आणि सांभाळतं कोण. शकूकाकूच्या पानावर मालकाच्या रकान्यात एकाही ओळीत तिचं नाव आलं नाही, तेव्हा ती खुश झाली. "आता खरं लिवलंस," म्हणाली. तिला पुढं दोन शेळ्या मिळाल्या.

आमचं घर शेवटी राहिलं होतं. सानिका म्हणाली, "तुझ्या घराचा फॉर्म मी भरते, ते जास्त योग्य." मी हट्टानं नको म्हटलं. निदान आईपुढं बसून आईला विचारायचं तरी माझ्या वाट्याला येऊ दे. सानिका विहिरीकडं निघून गेली. मी गोठ्यात पाट मांडून बसले. आई एकेका शेळीला हात लावून सांगत गेली. ही माझी. ही माझी. ही शकूकडं व्हती, आता व्यायला आलीय म्हनून हिकडं आनलीय. शेवटी कोपऱ्यात एक काळं पिल्लू उरलं, एक कान पांढऱ्या ठिपक्यांचा.

"हिचा मालक?" मी विचारलं.

"ती सानिकाची," आई म्हणाली. "झाली तवा ती हितंच व्हती. तिनंच पुसून काढली, तिनंच पयलं दूध लावलं. म्हनलं, ही तुझी. म्या सांभाळते अर्धलीनं."

मी लिहिलं. मालक, सानिका, पुणे. मग फॉर्मवर नसलेला प्रश्न विचारला. "आणि माझी कुठली?"

आई हसली. "घरच्या मानसाला कोन अर्धलीनं देतं गं? ती लोकाची पोर, तिनं परत यावं म्हनून दिली. तुला काय करायची येगळी शेळी? तुझं तर घरच हाय."

किती चांगलं बोलली आई. पण मला त्या पिल्लाचा कान दिसत राहिला. खोटं कशाला बोलू, त्या घरापेक्षा मला ते पिल्लू हवं होतं.

शेवटचा रकाना घरातल्या माणसांचा होता. मॅडमनी नियम समजावून सांगितला होता. जो सहा महिन्यांहून जास्त बाहेर राहतो त्याला घरातला धरायचा नाही, मग तो कुणाचा का असेना. मी म्हटलं, "घरात कोण कोण, सांग."

"तुझं दादा, म्या आन तू," आई म्हणाली. "तुझं नाव पयलं घाल."

मी दादांचं नाव लिहिलं. आईचं लिहिलं. पेन थोडा वेळ तसाच धरला. आईला वाचता येत नाही, पण दोन ओळी आणि तीन ओळी यातला फरक कुणालाही कळतो, म्हणून मी पॅड माझ्याकडं कलतं केलं.

"लिवलंस का?" आईनं विचारलं.

"लिहिलं."

ती समाधानानं शेळ्यांना पाणी दाखवायला उठली.

आई, दादा हे तुला वाचून दाखवतील. ते इथपर्यंत येतील तेव्हा त्यांना थांबवू नकोस. त्या कागदावर दोनच नावं आहेत. सानिकाची शेळी त्या घरात आहे, आणि मी नाही. फॉर्मवर मला खोटं लिहायचं नव्हतं, म्हणून ते तुझ्याशी बोलले.